लाल काटा मागे येत नाही

मित्रांनो, माझा धंदा फोडाफोडीचा आहे. अंगाने आडदांड, वयाने चाळिशी ओलांडलेला आणि स्वभावाने जरा तिरसट असा मी, बांधकाम खात्याच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ उभा असतो. काँक्रीटचा ठोकळा माझ्या दोन पोलादी पाटांमध्ये ठेवतात आणि मी तो दाबून फोडतो. किती दाबाला फुटला, एवढेच सांगतो. तो कोणी आणला, आणणारा कोणाचा मेहुणा आहे, हे मला कळत नाही आणि कळून घ्यायचेही नाही.

माझ्या छातीवर एक तबकडी आहे आणि तिच्यावर दोन काटे. काळा काटा दाबाबरोबर पुढे जातो आणि लाल काट्याला ढकलत नेतो. ठोकळा फुटला की काळा मुकाट शून्यावर परततो. लाल मात्र जिथवर पोहोचला तिथेच थांबतो, कोणी हाताने फिरवल्याशिवाय मागे येत नाही. मला जोडणारा कारखान्यातला मिस्त्री माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "काळा तुझा हात, लाल तुझी जबान. जबान फिरवू नकोस रे बाबा!"

माझ्या उमेदीच्या काळात मला सांभाळले ते काकांनी. ते प्रयोगशाळेचे मदतनीस. रोज मला पुसायचे, तेल बघायचे आणि माझ्याशी गप्पा मारायचे. गावात कुठे स्लॅब ओतला जात असला की त्याच काँक्रीटमधून, तिथल्या तिथे, लोखंडी साच्यांत तीन ठोकळे भरत. त्यांच्यावर तारीख आणि जागा कोरत, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवत आणि मग माझ्याकडे आणत. वर्षातून एकदा दूरच्या कार्यालयातून एक तपासनीस पोलादी कडे घेऊन येई आणि माझाच दाब मोजून दाखला देई. मी कुरकुर केली की काका म्हणत, "इतरांच्या परीक्षा घेतोस ना? मग गपचूप स्वतःही बस परीक्षेला." त्या काळात माझ्या हाताखालून गेलेले दवाखाने, टाक्या आणि पूल आजही ठणठणीत उभे आहेत. माझी छाती त्यामुळेच एवढी फुगलेली आहे.

काका निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही. त्याच सुमारास गावात दादाचे राज्य सुरू झाले. दादा म्हणजे कोणाचा थोरला भाऊ नव्हे. नदीची वाळू त्याची, खडी त्याची, ट्रक त्याचे आणि रस्त्यावर दांडके घेऊन उभी असलेली माणसेही त्याचीच. सरकारी कामाच्या निविदा भरायच्या दिवशी ही माणसे कार्यालयाच्या दारात खुर्च्या टाकून बसत. दुसरा ठेकेदार आला की गोड आवाजात विचारत, "घरी सगळे बरे आहेत ना?" बिचारा आल्या पावली परत जाई. मोठे साहेब वरच्या खिडकीतून हे बघत आणि पडदा ओढून घेत.

दादाच्या कामाचे ठोकळे माझ्याकडे येऊ लागले. कामावर जाऊन ते भरायला आता काका नव्हते, दादाची माणसेच आणून देत. कसले देखणे ठोकळे! गुळगुळीत, भरदार, फुटता फुटत नव्हते. मी खूश होऊन लाल काटा उंच नेत होतो. मग दोन वर्षांत नवा पूल मधोमध खचला. अवजड वाहने बंद झाली. पलीकडच्या माळावर येऊ घातलेला कापडाचा कारखाना दुसरीकडे गेला आणि त्याच्या भरवशावर शिकलेली कितीतरी मुले-मुली पोटासाठी गाव सोडून गेली. रुग्णवाहिकेला दीड तासाचा वळसा पडू लागला. मला काही कळेना. मी खोटे बोललो नव्हतो, मित्रांनो. पण खोट्याचा साक्षीदार झालो होतो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

पुढे तर माझे हालच झाले. वार्षिक तपासणीच्या पत्रावर सहा वर्षे कोणी सही केली नाही. एक कारकून मनात येईल तेव्हा येऊन माझी कळ दाबे. माझ्या डोक्यावर चहाचे कप आणि जुन्या फायली साचल्या. मागच्या अंगणात फोडलेल्या ठोकळ्यांचा ढीग वाढत गेला, तोही कोणी उचलला नाही.

अशात बाई आल्या. प्रयोगशाळेच्या नव्या अधिकारी. शरीराने काडी, पण आवाज खणखणीत. आल्या आल्या त्यांनी पदर खोचला, कप उचलले आणि माझे तेल बदलले. त्यांची धाकटी मुलगी गावच्या शाळेत होती. शाळेचे वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरत आणि शेजारी दादा नवी तीन मजली इमारत बांधत होता. पुढच्या महिन्यात तिथे चारशे मुले बसणार होती.

शाळेचे ठोकळे आले तेव्हा बाईंनी एक हातात घेऊन सगळीकडून फिरवला. त्याच्या एका कोपऱ्याला मसुरीच्या दाण्याएवढी पुळी होती. साच्याला त्या जागी पोचा असला की ठोकळ्याला अशी पुळी येते. बाईंनी दुसरा पाहिला. पुळी. तिसरा पाहिला. पुळी. त्या तडक मागच्या ढिगाकडे गेल्या. चार दिवस ढीग उपसला. दवाखान्याचे, टाकीचे, शाळेचे तुकडे निवडून ओळीने मांडले. एकाच तारखेचे, तीन ठिकाणचे, नऊ ठोकळे, आणि नवांनाही तीच पुळी, त्याच कोपऱ्याला!

त्यांनी काकांना बोलावून घेतले. काका खाली बसून बघतच राहिले.

"एका साच्यातून दिवसाला एकच ठोकळा निघतो," बाई म्हणाल्या. "मग एका दिवसात नऊ कसे निघाले, काका?"

"निघालेच नाहीत, बाई. हे कुठल्याच कामावरचे नाहीत. वखारीत बसून भरपूर सिमेंट घालून पाडलेत सावकाश, आणि हवी ती तारीख कोरलीय." काका कपाळावर हात मारून हसले. "कोट्यवधी खाल्ले मेल्यांनी, पण दुसरा साचा घ्यायला जिवावर आलं!"

बातमी फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी दादा स्वतः आला. माझ्या अंगावर टिचकी मारून म्हणाला, "ताई, हे भंगार कशाला सांभाळता? तुम्हाला लेकरंबाळं आहेत."

"आहेत ना," बाई म्हणाल्या. "तुमच्याच इमारतीत बसायची आहेत."

त्या संध्याकाळी साहेबांचा हुकूम निघाला: यंत्राला सहा वर्षे दाखला नाही, त्याचे निकाल ग्राह्य नाहीत, येत्या सोमवारी भंगारात काढावे. यापुढे तपासणी दादाने काढलेल्या खासगी प्रयोगशाळेत. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मला भट्टी दिसू लागली. त्याहून वाईट म्हणजे ती तीन मजली शाळा दिसू लागली. मला फार भीती वाटली.

बाई घाबरल्या नसतील असे नाही. पण त्यांनी नियमांचे पुस्तक काढले. तपासनिसाला बोलावण्याचा अधिकार प्रयोगशाळेच्या अधिकाऱ्यालाच होता, साहेबांच्या सहीची गरजच नव्हती. सहा वर्षे कोणी पुस्तक उघडलेच नव्हते! शनिवारी तपासनीस पोलादी कडे घेऊन हजर. मी दम धरला, जीव ओतून दाबले. त्याने तीनदा मोजले आणि चष्मा कपाळावर सरकवला. "म्हातारा खणखणीत आहे," तो म्हणाला आणि दाखला भिंतीवर चिकटवला.

सोमवारी भंगारवाला हातगाडी घेऊन आला, तर दारात शे-दीडशे माणसे. मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेच्या खांबात छिद्र पाडायला लेखी परवानगी दिली होती. त्यातून काढलेले काँक्रीटचे दंडगोल त्या स्वतः मांडीवर घेऊन रिक्षातून आल्या होत्या. मागोमाग पालक, काका आणि बाईंकडून नऊ ठोकळ्यांची तक्रार मिळालेले दक्षता विभागाचे अधिकारी. ते पाहून साहेबही वरून खाली आले. बाईंनी तबकडीवर कागदाची पट्टी चिकटवली. "काटा निदान इथवर जायला हवा," त्यांनी सर्वांना सांगितले.

मी दाबू लागलो. काळा काटा निघाला. पट्टीच्या निम्म्या अंतरावरही पोहोचला नाही तोच दंडगोल भुसभुशीत भाकरीसारखा माझ्या पाटांत सांडला. एक आई पुढे येऊन तो चुरा वाकून बघू लागली. काळा काटा शून्यावर आला आणि लाल तिथेच उभा राहिला. तेवढ्यात साहेबांचा हात हळूच त्याच्याकडे सरकला.

"साहेब," काका म्हणाले, "हात खिशात ठेवा."

साहेबांनी खरेच हात खिशात घातला! लाल काटा तसाच ठेवून अधिकाऱ्यांनी पंचनामा केला. मित्रांनो, आयुष्यात इतका ताठ मी कधी उभा राहिलो नव्हतो.

खटला दोन वर्षे चालला. नऊ ठोकळे न्यायालयात टेबलावर मांडले होते, आणि त्या पुळीपुढे दादाच्या चार वकिलांची मात्रा चालली नाही. दादा तुरुंगात गेला, पाठोपाठ साहेबही. निविदेच्या दारातल्या खुर्च्या उठल्या आणि पहिल्याच वेळी अकरा ठेकेदार आत आले. कच्ची शाळा पाडून नवी बांधली, मग पूल बांधला. कारखानाही माघारी आला. आता सकाळी पुलावरून मालाचे ट्रक जातात तेव्हा माझी खिडकी थरथरते आणि मला ते फार आवडते.

नव्या शाळेचे ठोकळे आले तो दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाईंची मुलगी मुद्दाम बघायला आली होती. काळा काटा पट्टीपाशी आला. ठोकळा फुटेना. पट्टी ओलांडली, तरी फुटेना! मी घाम गाळत होतो आणि ती पोर टाळ्या वाजवत होती. "आई, हा हरतोय!" होय, मी हरत होतो, आणि आनंदाने हरत होतो.

बाळांनो, दादासारखी माणसे सगळीकडे असतात. पण त्यांचे फावते ते रिकाम्या जागांमुळे, न झालेल्या सह्यांमुळे आणि न उघडलेल्या पुस्तकांमुळे. म्हणून माझी आरती ओवाळू नका, हार घालू नका. मला तेल द्या, माझ्याजवळ एक प्रामाणिक माणूस ठेवा आणि दरवर्षी मलाही न चुकता तपासा. माझ्यावरसुद्धा डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

यंदाचा तपासनीस मंगळवारी येणार आहे. बाईंनी भिंतीवर तारीख लिहून ठेवली आहे. येऊ दे, मी तयार आहे.