पाटावरचा कम्प्युटर

गंगाखेडच्या मोंढ्यात चन्नबसप्पाची तेलगिरणी होती आणि गिरणीत अर्ध्या गावाच्या ठेवी. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यानं औरंगाबादहून कम्प्युटर आणला. यंत्राला कूलर लावला. मुनीम नागनाथला वारा घ्यायला पुठ्ठाच राहिला. पिंगळीचे बडे शेतकरी माणिकराव मुद्दाम बघायला आले.

"ह्ये चुकत न्हाई म्हन्तेत?"

"कदीच न्हाई," चन्नबसप्पा म्हणाला.

त्याच आठवड्यात माणिकरावांनी ठेवीत पन्नास हजारांची भर घातली. त्यांचं बघून आणखी तिघांनी घातली. यंत्रानं तोवर एक बेरीजही केली नव्हती. त्या पैशांची करडई घेऊन चन्नबसप्पानं गोदाम भरलं. भाव चढला की काढायची.

दर लक्ष्मीपूजनाला ठेवीदार यायचे, पूजेच्या वहीत आपल्या नावावर बोट टेकवायचे आणि पेढा घेऊन जायचे. यंदा वहीच्या जागी पाटावर कम्प्युटर, त्याला हळदकुंकू. भाजी विकून पाच हजार साठवलेली सरजाबाई बोट पुढं करून उभीच राहिली.

"माजं नाव कुटंय, अप्पा?"

"आत हाय, मावशी. बटन दाबलं की दिसतंय."

"आन् तुमी न्हाई दाबलं तर?"

लोक हसले, चन्नबसप्पाही हसला. पेढे मात्र निम्मे उरले.

पाडव्याला सरजाबाई पैसे मागायला आली. मागं नऊ जण. एरवी कुणी ठेव मागितली की नागनाथ चष्मा पुसायचा, वह्या चाळायचा, व्याज काढायला तीन दिवस लावायचा. तोवर माणूस निवायचा, ठेव राहायची. यंदा त्यानं कळ दाबली आणि यंत्रानं करकरत व्याजासकट आकडा छापून दिला. पैशापर्यंत बरोबर. सांगायला सबब उरली नाही. दुपारी तिजोरी रिकामी झाली, रांग रस्त्यावर गेली.

तेवढ्यात माणिकराव आले. "नागनाथराव, समद्यांची मिळून बेरीज निघती का?"

चन्नबसप्पा डोळ्यांनी नको नको करत होता. पण चार महिने खपून यंत्र शिकलेल्या नागनाथला कुणी पहिल्यांदाच राव म्हटलं होतं. कागद बाहेर आला. माणिकरावांनी मोठ्यानं वाचला, "चौदा लाख बारा हजार."

रांगेतली माणसं रिकाम्या तिजोरीकडं बघायला लागली.

"संक्रांतीपर्यंत करडईला भाव येतोय," चन्नबसप्पा म्हणाला, "पै न पै देतो."

माणिकरावांनी कागदाची घडी खिशात घातली. "अप्पा, गोदामाची किल्ली कुनापाशी हाय?"

बाहेर रांग मोडली. माणसं गाड्या जुंपायला निघाली.