थांबलेला हात

पंप मारणं, बातिस्तचं काम एवढंच. टाकीत हवेचा दाब राहिला तर पेट्रोल इंजिनापर्यंत चढतं. दाब गेला की गाडी मेली. फ्रान्समधल्या दिएपच्या मोटारशर्यतीत सकाळपासून त्याचा हात थांबला नव्हता. हात भरून येतो पंपवाल्याचा, पेपरात नाव येतं चालवणाऱ्याचं. पंपवाल्याचं नाव छापायची शाई या देशात महाग असावी.

तरी सात वर्षं तो गाडी चालवणाऱ्या थेओफिलशेजारीच बसत आला. दुसऱ्या कुणाशेजारी बसला नसता.

रस्त्यावर ताजं डांबर ओतलं होतं. बघायला आलेल्या साहेबांचे कपडे धुळीनं मळू नयेत म्हणून. उन्हानं ते वितळलं आणि उडायला लागलं; बातिस्त पंपावर वाकलेला, समोर बघणाऱ्या थेओफिलच्या डोळ्यांतच ते जायचं. सातव्या फेरीनंतर टायर फाटला. नियमच असा, की गाडीला या दोघांखेरीज कुणी हात लावायचा नाही. बातिस्तनं सुरीनं टायर कापून काढला, नवा पुढे केला. तो घ्यायला थेओफिलचा हात भलतीकडेच चाचपडत राहिला.

"उस्ताद, किती बोटं?"

"टायर चढव."

"बोटं सांगा आधी."

"तुझी बोटं मोजायला आलोय का मी? तिसरे आहोत आपण. मालक काय म्हणालाय? पहिल्या तिघांत ये, नाहीतर घरी कोंबड्या राख."

"राखायला कोंबड्या दिसाव्या लागतात."

थेओफिल हसला. "डावं वळण आलं की खांद्यावर एक थाप, उजवं आलं की दोन. तू बघ, मी चालवतो."

आणि चालवली की त्यानं. दोन फेऱ्या, अशी की बातिस्तचा ऊर भरून यावा. पण शेवटच्या फेरीत माणसं रस्त्यात उतरली. गाडी अंगावर आली की मगच बाजूला व्हायची त्यांची मर्दुमकी. वळणाची थाप ठरली होती, माणसाची ठरली नव्हती. एकाची टोपी चाकाखाली गेली. थेओफिलला पत्ताही नाही.

बातिस्तनं पंपावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

गाडी खोकली, सफरचंदांच्या बागेपाशी थांबली.

"पंप गेला?"

"पंप ठणठणीत आहे, उस्ताद. हात थांबला."

थेओफिलनं चाकावरचे हात काढले. "गाढवा, तिसरे होतो आपण."

"होतो."

बागवाल्या बाईनं दूध आणून दिलं. बातिस्त त्यात भिजवलेल्या रुमालाच्या घड्या उस्तादाच्या डोळ्यांवर ठेवत होता, तेवढ्यात मालक घोडागाडीतून उतरला. डोळे कसे आहेत, ते त्यानं विचारलंच नाही. "चूक कुणाची?"

बातिस्तनं तोंड उघडलं. खरं बोलला असता तर पुन्हा कुठल्या गाडीत कुणी बसवलं नसतं त्याला.

"माझी," थेओफिल म्हणाला. "मी बंद पाडली."

मालक पाठ फिरवून निघून गेला.

"असं का म्हणालात?"

"मला कोंबड्याच राखायच्यात आता. तुझा हात अजून चांगला आहे. येशील ना अधूनमधून?"

"येईन. खुराडं मात्र झाडणार नाही, आधीच सांगतो."