चाळीस घनसेंटिमीटरचा रोग

"चारशे बावन्न ग्रॅम!"

गोळेबाबाच्या चेल्याने काट्यावरचा आकडा ओरडून सांगितला आणि सायकलच्या बंद पडलेल्या दुकानात दाटीवाटीने बसलेली शंभर माणसं "आहाहा!" करून उठली. पहिल्या महिन्यात म्हणे हाच काळा गोळा एकशे आठ ग्रॅम भरला होता. माझ्या ताईने तो छातीतल्या गाठीवर बांधायचा आणि महिन्याने परत आणायचा. गोळेबाबा तो पडद्याआड नेऊन 'शांत' करणार, मग सगळ्यांदेखत तोलणार. वजन वाढलं, की तेवढा रोग गोळ्यात उतरला!

"डॉक्टर कापून काढतो, आम्ही ओढून काढतो!" बाबा गरजला. "ना सुई, ना टाका! अजून एक महिना बांधा, की बाई मोकळी!"

ताई हात जोडून रडत होती. ऑपरेशनची तारीख तिने चार महिन्यांपूर्वीच मोडली होती. तेव्हा मी, शाळेत विज्ञान शिकवणारी शहाणी, तिला अडाणी म्हणून तणतणत निघून आले आणि बोलणंच टाकलं. आज भावोजींनी गयावया करून आणलं म्हणून आले.

गोळा हातात घेतला आणि ताई-भावोजींना तसंच शाळेच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले.

मोठ्या मापनपात्रात दोनशेच्या खुणेपर्यंत पाणी भरलं, गोळा दोऱ्याने आत सोडला. "ताई, पाणी कुठे आलं?"

"दोनशे चाळीस."

"म्हणजे गोळ्याचं आकारमान चाळीस घनसेंटिमीटर. चार महिन्यांत तो फुगला का गं?"

"छे, होता तेवढाच आहे."

"बाबाने दिलेलं वजनांचं कार्ड दे."

कार्डावर त्याच्याच अक्षरात चार वजनं होती. एकशे आठ, दोनशे पंच्याऐंशी, तीनशे पंधरा, चारशे बावन्न. वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता. सातवीची पोरं करतात. फळ्यावर उत्तरं लिहिली : २.७, ७.१, ७.९, ११.३. मग पुस्तकातला धातूंच्या घनतेचा तक्ता पुढे सरकवला.

भावोजी बोट ठेवून वाचू लागले. "ॲल्युमिनियम... जस्त... लोखंड..." आणि शेवटच्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं.

"शिसं," ताई म्हणाली.

"रोग उतरत असता तर मधलाच एखादा आकडा आला असता ना? दर खेपेला बरोब्बर एकेक धातू कसा येतो?" मी सुरीने गोळा खरवडला. काळ्या रंगाखाली मऊ, करडं शिसं होतं. "एकाच मापाचे, एकाच रंगाचे गोळे. पडद्याआड फक्त अदलाबदल."

दुसऱ्या दिवशी भर बैठकीत मी पडदा ओढला. मागे पाट्याच्या पाट्या भरून गोळे! बाबा मागच्या दाराने पसार झाला. लोक मात्र माझ्यावरच उखडले. एक म्हातारबाबा म्हणाले, "बाई, तुमचं काय जात होतं? आम्हाला बरं वाटत होतं!" काय कप्पाळ बोलणार!

त्या आठवड्यात डॉक्टरांनी नवे फोटो बघितले. "तेव्हा गाठ हरभऱ्याएवढी होती," ते म्हणाले. "आता फुप्फुसात पोचलीय. नुसत्या ऑपरेशनने आता भागणार नाही."

बाहेर बाकावर ताई पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "अर्धा तास लागला गं तुला. पहिल्याच महिन्यात का नाही मोजलंस?"

बाबा लबाड होता, पण मीही शहाणपणाचा तोरा मिरवत चार महिने घरी बसले होते. म्हणून हात जोडून सांगते : तुमच्या माणसाने असला गोळा घरी आणला, तर हसू नका, रागावून निघून जाऊ नका. त्याच्या शेजारी बसा, गोळा तोला, पाण्यात बुडवा, भागाकार त्यालाच करू द्या. आणि त्याच दिवशी करा.