पाच फुटांची खाट

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याने एक दिवस माझ्या खुर्चीत बसून पाहायला हवं होतं. म्हण तर बदललीच असती, वर तोंडाला चार शिव्यांची सवयही लागली असती.

सत्तावीस वर्षं मी घरांचे नकाशे काढतो. झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली आहे, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांसाठी दोन मुद्दाम टणक खुर्च्या. नकाशा बदलून घ्यायला आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "छोटासाच बदल आहे." भिंत म्हणजे यांना पडदा वाटतो, ओढला की सरकला. भिंतीच्या डोक्यावर तुळई असते, पोटात पाइप असतो, हे यांच्या गावीही नसतं. दुसरं वाक्य, "तुमचं काय, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम!" स्वतःच्या घरात खिळा ठोकायला सुतार बोलावणारे लोक हे, आणि मला मिनिटं शिकवतात.

हे दोघे भाऊ त्याच माळेतले मणी. थोरला दर वाक्यात 'जरासं' म्हणायचा, म्हणून त्याचं नाव मी 'जरासा' ठेवलं. धाकटा सतत मोबाईलवर कुठल्यातरी महालांचे फोटो दाखवायचा, तो 'फोटोवाला'. जुनं बैठं घर आईच्या नावावर होतं. तिने चाळीस वर्षं शिवणकाम करून ते बांधलेलं. आता वर मजला चढवायचा होता आणि खालचा भाग बदलायचा होता.

पहिल्याच दिवशी जरासा म्हणाला, "बाकी तुम्ही सांगाल तसं. फक्त आईच्या खोलीत तिची खाट आणि कपाट नीट बसलं पाहिजे. ती खाट तिला सोडवत नाही."

मी मान डोलावली. असं सगळेच म्हणतात. पहिल्या नकाशात आईची खोली ऐसपैस असते, पुढे बघा काय होतं ते. तोंडदेखलं प्रेम ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असा मला गर्व होता.

खोली काढली बारा बाय दहा. आठवड्याने जरासा आला. बायकोला खोलीला लागून बाथरूम हवं होतं, तर भिंत जरासं सरकवा. तीन फूट गेले. मग फोटोवाला आला, त्याला गाडी घरात घ्यायची होती. अजून गाडी घेतली नव्हती, पण घेणार ती मोठीच. आणखी तीन फूट. मग स्वयंपाकघराला सामानाची खोली, मग जिन्याला रुंदी. बोट दिलं की मनगट धरणारी जात. आणि दर वेळी जाताना दारात थांबून एक प्रश्न, "आईचं बसतंय ना?"

"बसतंय," मी म्हणायचो.

चौथ्या खेपेला खोली सात बाय सहावर आली, आणि बसेना. खाट ठेवली की कपाट बाहेर, कपाट ठेवलं की खाट दारात. आता सरळ फोन करून सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं म्हणजे दोघे पुन्हा समोर, जरासं इकडे, जरासं तिकडे, पुन्हा फोटो, पुन्हा चार नकाशे. मला त्यांच्या तोंडांचा वीट आला होता. मी पडद्यावरची खाट कोपऱ्यात धरली आणि आत ढकलली. साडेसहाची पाच फुटांची झाली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

धंद्यात हे चालतं. जाहिरातींतल्या फ्लॅटांचे नकाशे बघा, त्यांतल्या पलंगांवर झोपायचं तर माणसाची घडी घालावी लागेल.

दोघांनी नकाशा पाहिला. "बसलं की हो!" जरासा खरोखर खूश झाला. फोटोवाल्याने त्या कोपऱ्याचा फोटो काढला, आईला दाखवायला. गाढवं लेकाची, मी मनात म्हटलं. डोळे आहेत पण दिसत नाही.

बांधकाम परवानगीच्या अर्जावर घराच्या मालकिणीची, म्हणजे आईची, सही लागणार होती. मुलं कामावर गेलेली, म्हणून ती एकटीच आली. माझा जिना चढून आली तरी तिला धाप लागली नव्हती. उंच, ताठ बाई. मी वैतागलोच. आता हिला दार कुठलं आणि खिडकी कुठली, इथपासून शिकवायचं.

"मावशी, सही इथे करा," मी म्हटलं.

तिने चष्मा लावला आणि सहीची जागा सोडून नकाशाच बघायला लागली. "ही माझी खोली ना? आणि ही खाट?"

"हो."

"कागदावर एक फूट म्हणजे केवढं?"

"पाव इंच."

तिने पिशवीतून टेप काढली. शिंपिणीची टेप, कडा झिजलेली. खाटेवर ठेवली. "सव्वा इंच. म्हणजे पाच फूट." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, माझी खाट साडेसहाची आहे. मीच साडेपाचची आहे."

मी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"कापड कमी पडतं कधीकधी," ती म्हणाली. "तेव्हा गिऱ्हाइकाला सांगायचं, बाई, बाह्या लांब होणार नाहीत. पण टेप खोटी करायची नाही." आवाज चढला नव्हता. तिने टेप कागदावरून उचलली. मग हळूच विचारलं, "मुलांनी सांगितलं का असं काढायला?"

नाही म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण नाही म्हटलं तर मग कोणी केलं, हा पुढचा प्रश्न होता, आणि ही बाई तो विचारल्याशिवाय जिना उतरली नसती. सत्तावीस वर्षांचं माझं नाव होतं.

"हो," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण थांबलो नाही. "म्हणजे, त्यांचं म्हणणं पडलं, तुम्हाला दाखवायला तरी बरं दिसावं."

तिने टेप बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"सही कुठे म्हणालात?"

"मावशी, मी बदलून देतो. बाथरूम थोडं..."

"नको. आणि मी मोजलं हे त्यांना सांगू नका." तिने ठसठशीत अक्षरात सही केली. "लाजतील पोरं."

ती गेल्यावर मी ती खाट पुन्हा साडेसहाची केली. कपाटात घुसली. पुन्हा पाचची केली. अर्ज त्याच दिवशी गेला.

चार दिवसांनी जराशाचा फोन आला. "अहो, आईने काय खूळ घेतलंय बघा. खाट कुणाला तरी देऊन टाकते म्हणते. म्हणे जमिनीवर पाठ बरी राहते. धाकटा तर रडकुंडीला आलाय. आम्ही म्हटलं, अगं, तुझ्या खाटेसाठीच तर दर वेळी विचारून घेतलं आम्ही. नसती बसत तर बाथरूमच रद्द केलं असतं ना!"

माणसांना गाढव म्हणायची मला फार सवय. त्या दिवशी तो शब्द स्वतःला लावून पाहिला, तर तोही अपुरा पडला.

"तुम्हीच सांगा तिला," जरासा म्हणाला. "आमच्यावर विश्वास नाही, पण तुम्ही माहितगार. तुमचं ऐकेल ती. थांबा, देतो."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

"बोला, भाऊ," ती म्हणाली.