हाडांच्या पुडीचं पोतं

विठ्ठलवाडीच्या देवळामागचं तळं गुणाजीनं मासे पाळायला घेतलं, त्याला दुसरं वर्ष होतं. कलकत्त्याहून डब्यांतून आलेली कटल्याची पिल्लं त्यानं पोटच्या पोरांसारखी जपली. पण कोंडा-पेंड खाऊनही ती वाढेनात. डोकी मोठी, पाठी वाकड्या, अंगावर लाल चट्टे. मत्स्यखात्याचे साहेब म्हणाले, "नुसत्या पेंडेवर हाड धरत नाही, बाबा. हाडांची पूड नि थोडं मीठ कालव. अंग भरेल, रोगालाही तोंड देतील." आठ दिवसांत मासे घासावर तुटून पडू लागले.

नवव्या दिवशी खोपटातलं पोतं गायब. बायको शकू म्हणाली, "देवळातल्या मृदंगवाल्या परशुरामभावजींनी नाल्यात ओतलं. देवाच्या आंघोळीचं पाणी ह्याच तळ्यातलं, त्यात मेल्या ढोरांची हाडं नकोत म्हणाले."

दुसरं पोतं यायला तीन आठवडे लागले. तोवर नुसत्या पेंडेवर मासे पुन्हा खंगले. ते आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, एकादशीला, चाळीस मासे उताणे तरंगत होते.

गुणाजी ओल्या धोतरानं देवळाकडे निघाला. हातातला वाकड्या पाठीचा मेलेला मासा पायरीखाली ठेवला. रागातही तेवढं भान राहिलं. आत कीर्तनाची तयारी चालली होती. परशुराम मृदंगाला कणीक थापत होता. त्याच्या ठेक्यावर गुणाजीनं कितीदा डोळे पुसले होते. म्हणूनच राग जास्त चढला.

"परशा, बाहेर ये."

"कीर्तनाच्या वेळेला विटाळ घेऊन आलास?"

"तू थापतोयस ते काय केळीचं पान आहे? बोकडाचं कातडं देवापुढे चालतं, नि हाडं तळ्यात चालत नाहीत?"

"पाण्याची गोष्ट वेगळी."

"मासे त्याच पाण्यात हगतात. देवानं तुझ्याकडे तक्रार केली कधी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. परशुरामचे कान तापले. "बुवा, तुम्हीच सांगा ह्याला."

कीर्तनकार बुवा पागोटं सारखं करत म्हणाले, "मागच्या महिन्यातल्या एकादशीला मी भूतदयेवर दोन तास बोललो. साथीला तुम्हीच होतात, परशुराम. ऐकायचं राहिलं वाटतं."



"उद्यापासून घास तू कालवायचा," गुणाजी म्हणाला. "तुझ्या हातानं."

कीर्तन रंगलं. गुणाजीचे डोळे कोरडेच राहिले.

सकाळी परशुराम नाकाला उपरणं बांधून आला आणि कोपरापर्यंत पेंडेत हात घालून बसला.

"एवढी पूड पुरे?"

"अजून एक मूठ."

पुढचा महिनाभर गुणाजी त्याच्याशी तेवढंच बोलला.