कोट नसलेली खुर्ची

धाकटीला आकड्यांचं वेड होतं, आणि तेही साधंसुधं नाही. कुणी आजारी आहे म्हटलं की बाकीचे "अरेरे" म्हणायचे, ही आधी वय विचारायची. थोरली तिला यमाची कारकून म्हणायची. तेव्हा ही पोरगी ॲक्चुअरी होणार, म्हणजे विमा कंपनीत बसून माणसं किती जगतील याचे अंदाज बांधणार, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही. घोडं अडलं होतं ते कुठे शिकायचं यावर.

जवळच्या विद्यापीठात विमाशास्त्र आणि संगणक अशी दुहेरी पदवी होती, घरून जाऊन-येऊन करता येणारी. लांबच्या विद्यापीठात विमाशास्त्र आणि कायदा. वर्ष एक जास्त, राहायचं वसतिगृहात, पण तिथून शिकलं की पुढच्या व्यावसायिक परीक्षेचे निम्मे पेपर माफ. कायदा म्हटलं की धाकटीला जांभई यायची आणि माफ म्हटलं की तोंडाला पाणी सुटायचं. आई जवळच्याच्या बाजूनं. बाबा लांबच्याच्या. बाबा तिथेच शिकले होते. शेवटच्या दोन पेपरांत गटांगळ्या खाऊन ते शाळेत गणित शिकवायला लागले, आणि त्या लाजेपायी जुन्या मित्रांना त्यांनी परत तोंड म्हणून दाखवलं नव्हतं. लेकीनं तरी तडीस न्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ही इच्छा बाबा बोलून दाखवत नसत, पण घरात सगळ्यांना ठाऊक होती.

"उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय ना? मग सकाळी जाऊन बघून येऊ," बाबा म्हणाले. "बघायला काय जातंय?"

विभागाची इमारत जुनी नव्हती की भयाणही नव्हती. पांढऱ्या भिंती, पाण्याचं यंत्र, सूचनाफलक. भिंतीवर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फोटो. प्रत्येक बॅचचा दरवर्षी एक फोटो काढायचा, त्याच खुर्च्या, तोच क्रम, अशी इथली रीत होती. कुणाला येणं जमलं नाही तर त्याच्या खुर्चीच्या पाठीवर विभागाचा काळा कोट अडकवायचा. जो गेला त्याची खुर्ची नुसती ठेवायची.

"आमची बॅच आली बघ!" बाबा शाळकरी पोरासारखे पुढे धावले. पहिल्या फोटोत ते होते, हडकुळे, केस डोळ्यांवर आलेले. शेजारी एक ठेंगणा, दात काढून हसणारा. "हा अपूर्णांक. उंची बघ ना! माझा जिवलग." पुढच्या काही फोटोंत बाबांच्या खुर्चीवर कोट होता. त्यानंतरच्या फोटोंत खुर्ची होती, कोट नव्हता.

धाकटीनं वळून बाबांकडे पाहिलं. बाबा हसले, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

"निरोपाला पाच वर्षं उत्तर आलं नाही, की कोट काढतो आम्ही," मागून आवाज आला. विभागप्रमुख बाई होत्या, बारीक, नीटनेटक्या, चष्मा दोरीला बांधलेला. बाबांनी नाव सांगितलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. एखाद्याला आनंद झाला असता. बाईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे तुम्ही आहात," त्या म्हणाल्या. "मग आकडा चुकतो."

"कसला आकडा?" धाकटीनं विचारलं.

"या वयाच्या चाळीस माणसांत आजवर पाच जायला हवेत, असं मृत्युदराचं टेबल सांगतं. पाच खुर्च्या कोटाविना रिकाम्या होत्या, यांची धरून. आमच्या भिंतीवर टेबल कधीच चुकलेलं नाही."

धाकटी पुन्हा भिंतीशी गेली. तिनं दुसरी बॅच पाहिली, तिसरी पाहिली, वयाप्रमाणे मनात आकडे मांडले. प्रत्येक फोटोत रिकाम्या खुर्च्या बरोबर तेवढ्याच. आणि याचीच तिला भीती वाटली. टेबल लाखो माणसांसाठी असतं. चाळीस माणसांत ते कधी मागे पडतं, कधी पुढे जातं. इतकं काटेकोर कधीच चालत नाही. एवढं साधं गणित इथल्या कुणाला कळत नसेल? की कळून सगळे मूग गिळून बसले होते?

"योगायोग बघा, तुमच्या बॅचचा फोटो आजच आहे," बाई म्हणाल्या. "बसणार का?"

"बसणार म्हणजे? जिवंत आहे मी!" बाबा म्हणाले.

अंगणात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली माणसं आपापल्या जागी बसत होती. बाबा हात पसरून पुढे गेले आणि सगळं अंगण गप्प झालं. कुणी मिठी मारली नाही, कुणी शिवी हासडली नाही, इतकी वर्षं कुठे मेला होतास म्हणून विचारलं नाही. सगळ्यांनी आधी बाबांकडे पाहिलं आणि मग एकमेकांकडे. ती नजर धाकटी ओळखत होती. ती तिचीच नजर होती. जो तो मोजत होता.

एकटा अपूर्णांक उठून आला. टक्कल पडलं होतं, हसू तेच होतं. "लेका, इतकी वर्षं फोन नाही, काही नाही! आधी नंबर दे." नंबरांची देवाणघेवाण झाली. मग तो हळूच म्हणाला, "ऐक माझं, बसू नकोस. मुलीला घे आणि घरी जा."

"का रे बाबा?"

"नाही, आपलं सहज."

बाबांना त्यात आपल्या नापासपणाचा टोमणा दिसला असावा. ते ताठ मानेनं गेले आणि स्वतःच्या खुर्चीवर बसले.

फोटो काढणारा कॅमेऱ्याशी खटपट करत होता. धाकटी त्याच्या बाजूला उभी राहिली. तिला मोजायचं नव्हतं, पण डोळे ऐकेनात. पहिल्या रांगेतली बाई, ठणठणीत. तिच्या मागचा, वजन जास्त. डावीकडचा, बोटं सिगारेटनं पिवळी झालेली. बाबा नकोत, बाकी कुणीही चालेल, असं तिच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, आणि त्याच क्षणी तिची नजर अपूर्णांकावर थांबली. सुजलेले घोटे. उठून चार पावलं चालल्यावर लागलेली धाप. हाच, असं तिला वाटलं. तिच्या जिवात जीव आला.

अपूर्णांक तिच्याकडेच बघत होता. तिनं काय केलं ते त्याला कळलं होतं. या धंद्यातली नजर त्याला काय नवीन होती? तो रागावला नाही. गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि रांगेतून बाहेर आला.

शिपाई लगबगीनं कोट घेऊन त्या खुर्चीकडे निघाला. अपूर्णांकानं मान हलवली. शिपायानं बाईंकडे पाहिलं. बाईंनीही मान हलवली. कोट परत गेला. सगळ्या रांगांचा जीव भांड्यात पडला; माणसं सैल झाली, कुणीतरी खोकून हसलं. बाबा छाती पुढे काढून नाकासमोर कॅमेऱ्यात बघत होते. त्यांना शेजारचं काही कळलं नाही.

"कुठली पदवी घेतेस?" जाता जाता अपूर्णांकानं धाकटीला विचारलं.

ती त्याच्या सुजलेल्या घोट्यांकडे बघत राहिली.

"कायदा घे. आम्ही हुशार गाढवं. टेबल पाठ केलं, पण तुला हा अधिकार दिला कुणी, असं त्याला विचारायची एकाची छाती झाली नाही." तो थांबला, श्वास घेतला. "आणि बापाला काही सांगू नकोस. त्याला आधीच फार लाज वाटते."

फाटकाबाहेर गेलेली त्याची पाठ तिनं दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. हाक मारावी, परत आणून बसवावं, असं तिला आतून वाटत होतं. पण परत आणलं असतं तर आकडा पुन्हा चुकला असता. ती जागची हलली नाही. मागे कॅमेरा वाजला.

परतीच्या बसमध्ये आईचा फोन आला. "ठरलं का?"

"लांबचं," धाकटी म्हणाली. "कायदा."

"कायदा? अगं, तुला तर..."

"कायदाच."

बाबांना आनंद आवरेना. त्यांनी तिची पाठ थोपटली, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. "आणि अपूर्णांक कुठे गेला गं? फोटो झाल्यावर दिसलाच नाही."

"त्यांना घाई होती," ती म्हणाली.

"पहिल्यापासून उतावळाच तो. थांब, त्याला सांगतो, पोरगी तिथेच शिकणार म्हणून. खूश होईल." त्यांनी फोन कानाला लावला आणि तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. घंटा तिलाही ऐकू येत होती. वाजली, वाजत राहिली, बंद झाली.

"उचलत नाहीये," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा नंबर लावला.