गरम झाल्यावर

गॅरेजमध्ये सगळे तिला वायरवाली म्हणत, कारण गाड्यांच्या वायरिंगचं काम तिच्याकडे असे. त्या दिवशी मालकाने हाक मारली, "ही जुनी गाडी बघ जरा. मधेच बंद पडते, मधेच सुरू होते. पंप बदलून झाला, प्लग बदलून झाले, तरी ये रे माझ्या मागल्या."

वायरवाली हात पुसत बाहेर आली आणि थबकली. गाडी तिच्या नवऱ्याची होती. शेजारी पर्स छातीशी धरून तिची धाकटी नणंद उभी होती.

नवरा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा हीच नणंद खोलीच्या दाराशी पहाऱ्याला बसली होती. "कुणाला आत सोडू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, वहिनी. खाली बस." वायरवाली खालच्या बाकावर बसून राहिली आणि वर तो गेला. डॉक्टर तसं काही बोललेच नव्हते, हे तिला पुढे एका नर्सकडून कळलं. तोवर नणंदेने नातेवाइकांत सांगून टाकलं होतं: दादा तडफडत होता, पण वहिनीला यायला सवड झाली नाही. तेव्हापासून सासरच्या एकाही दारात तिला कुणी 'ये' म्हटलं नव्हतं.

"तू इथे?" नणंद म्हणाली.

"गाडी कधी बंद पडते, वन्सं?"

"कधीही."

"कधीही कुठलीच पडत नाही. सकाळी निघाल्या निघाल्या पडते का?"

"नाही. बरीच चालली की पडते. मग थोडा वेळ थांबलं की आपणहून सुरू होते."

वायरवालीला तिथेच संशय आला. "गरम करून बघावी लागेल. चक्कर मारून आणते."

"एकटीच? मी येणार. गाडी नजरेआड करायची नाही मला. आणि आटप लवकर, विहीणबाई पहिल्यांदाच जेवायला येतायत."

"बसा की," वायरवाली म्हणाली. तिच्या आवाजातला गोडवा मालकाला नवा होता.

ती मुद्दाम शहराबाहेरच्या रस्त्याला लागली. ऊन रणरणत होतं, सावलीला झाड नव्हतं. बऱ्याच अंतरावर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा एकदम शून्यावर कोसळला आणि गाडी मुकी झाली. तिने ती कडेला घेतली. किल्ली फिरवली तर पेट्रोलचा पंप गुणगुणला. स्टार्टरही फिरला, पण काटा हलेना. बॉनेट उघडून तिने प्लग काढून तपासला, ठिणगी नव्हती. इंजिन फिरतंय हे कळवणारा सेन्सरच तापला की दगा देत होता. या उन्हात तो आपणहून गार व्हायला बराच वेळ लागला असता; त्याच्यावर थोडं गार पाणी ओतलं असतं तर गाडी लगेच सुरू झाली असती. पाण्याची बाटली तिच्या पिशवीतच होती.

"सापडलं का काही?" नणंदेने घाम पुसत विचारलं.

"सापडलं. लगेच सुरू करते. आधी काकूंना फोन लावा."

काकू सासरच्या सगळ्यांत थोरल्या. त्यांच्या कानावर घातलेलं घरोघरी पोचायला वेळ लागत नसे.

"काकूंना कशाला?"

"दवाखान्यात मला दाराशी कुणी अडवलं, ते सांगायला."

"डोकं फिरलंय तुझं! मी दुसरी गाडी बोलावते."

"बोलवा."

नणंदेने इकडेतिकडे फोन केले. एवढ्या लांब यायला कुणी तयार होईना. तेवढ्यात तिच्या मुलाचाच फोन आला: "आई, कुठे आहेस? ते लोक निघालेत."

नणंदेने घड्याळ बघितलं. मग तिने काकूंचा नंबर लावला. वायरवालीने हात लांब करून स्पीकर सुरू केला.

"काकू, ते दादाच्या वेळचं... वहिनीबद्दल जरा गैरसमज झाला होता."

"गैरसमज नाही," वायरवाली म्हणाली. "खोटं बोललीस तू. तसंच सांग." नणंदेला 'तू' म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.

"मी खोटं बोलले, काकू. ती आली होती. मीच तिला वर सोडलं नाही."

मग काकूंनी विचारलं, "आणि तो? तो काही म्हणाला का गं?"

नणंदेने डोळे पुसले. "तिलाच हाका मारत होता. शेवटपर्यंत."

हे मात्र नर्सने सांगितलं नव्हतं. वायरवाली गाडीला टेकली. मग तिने पिशवीतली बाटली काढली, घटाघटा पाणी प्यायली आणि उरलेलं नणंदेच्या देखत मातीत ओतलं.

"अगं, सुरू करते म्हणाली होतीस ना!"

"मीही खोटं बोलले," वायरवाली म्हणाली आणि मालकाला फोन लावला. "दोर घेऊन या. गाडी ओढत न्यावी लागेल. आधी बाईंना त्यांच्या दारात सोडू."

दोर बांधलेली गाडी दाराशी पोचली तेव्हा विहीणबाई पायरीवर ताटकळत उभ्या होत्या. नणंद केस विसकटलेली, डोळे सुजलेली अशी उतरली आणि कुणाकडे न बघता आत गेली.

दुसऱ्या दिवशी मालकाने सेन्सर बदलला. वायरवालीने त्या गाडीला हात लावला नाही. त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला, "घरी ये गं, चुकलंच आमचं." ती म्हणाली, "बघते," आणि गेली नाही. सूड उगवल्यावर मन शांत होतं म्हणतात. तिचं झालं नाही. त्या हाका आता तिला रोज ऐकू येत. पण नणंदेचा तो विहीणबाईंसमोरचा चेहरा आठवला की ती एकटीच हसे आणि पुन्हा कामाला लागे.